वस्तऱ्यांचा गंज

"ह्यांचा गंज काढून दे," आबा म्हणाले, आणि विनोदच्या हातातला कप बशीवर खडखडला. सुट्टीचा दिवस होता. सकाळचं ऊन शिरूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टीपॉयपर्यंत आलं होतं, आणि टीपॉयवर आबांनी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेतून काढलेलं एक तेलकट फडकं उलगडून ठेवलं होतं. फडक्यात दोन वस्तरे. वस्तरे म्हणायचे ते आपले नावाला. वाळलेल्या चिंचेसारखे तपकिरी, खडबडीत, एक तर मुठीतून उघडतसुद्धा नव्हता. घाबरण्यासारखं त्यात काय होतं? असल्या वस्तऱ्यानं काकडी कापली गेली नसती. पण विनोद घाबरला, कारण आई गेल्यापासून, म्हणजे पावसाळा सरल्यापासून, आबांनी या घरात काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा समोर आणून ठेवलं तर प्यायचे, नाही ठेवलं तर तहानलेले बसायचे. दौंडचं घर बंद करून त्यांना इथं आणलं तेव्हा ते दिवसभर त्या ट्रंकेवरच बसून राहिले होते, फलाटावर गाडीची वाट बघत बसावं तसे, आणि विनोदला वाटलं होतं, बसतील चार दिवस, मग रमतील. कसले रमतात. उलट एकेक वस्तू देऊन टाकायला लागले. चावीचं घड्याळ नातीला, रश्मीला, जी वेळ बघायची ती मोबाइलमध्ये. रेडिओ खालच्या वॉचमनला. रेल्वेचा गरम कोट बाजारातल्या कुणा हमालाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विनोदला बाजूला घेऊन म्हणाले, जरा लक्ष ठेवा. कशावर ठेवा ते काही बोलले नाहीत. ते सांगितलं मोबाइलवरच्या एका बाईनं, कंपनीची बस कारेगावच्या गर्दीत अडकून पडलेली असताना: ज्यानं जीव द्यायचं ठरवलेलं असतं तो माणूस आधी आपल्या वस्तू वाटून टाकतो. एवढं बोलून ती बाई हसली आणि पुढच्या रीलमध्ये कुणीतरी मिसळीला फोडणी देत होतं. तिचं काय जातंय बोलायला. विनोदच्या मात्र ते त्या दिवशी मानगुटीवर बसलं ते उतरायला तयार नव्हतं.

"कशाला पायजेत, आबा?" त्यानं विचारलं, आवाज होईल तितका साधा ठेवून. "लागत्यात," आबा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले. दाढीला म्हणावं तर आबांचा उजवा हात गेली काही वर्षं थरथरत होता, भाकरी मोडतानासुद्धा. त्या हातानं वस्तरा धरणारा माणूस एक तर वेडा नाहीतर ठरवून बसलेला. दाढी वाढली होती खरी. पांढरी, विसकटलेली, गळ्यापर्यंत उतरलेली, पाहणाऱ्याला कसंनुसं व्हावं अशी. विनोदच्या बायकोनं, सीमानं, दोनदा सलूनचं नाव काढलं होतं, विनोदनं आपलं मशीन पुढं केलं होतं, तर आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पोरासोरांचं खेळणं परत द्यावं तसं परत दिलं. आता सीमा स्वयंपाकघरातून हात पुसत आली, टीपॉयवर काय आहे ते तिनं पाहिलं, आणि नवऱ्याला गॅलरीत ओढून नेलं. "अहो, द्या फेकून. सांगा, कंपनीत नेले आन् हरवले." "आन् उद्या त्यांनी विळी मागितली तर?" विनोद म्हणाला. "काय काय फेकायचं घरातलं?" तिनं नुसतं गॅलरीच्या कठड्याकडे पाहिलं, विनोदनंही पाहिलं, आणि दोघं आत आले. नाही म्हणणं म्हणजे आबांना तोंडावर सांगणं होतं की तुमच्या मनातलं आम्हाला कळलंय. आणि एकदा ते शब्दात आलं की घरातलं कुणी कुणाकडे पाहू शकणार नव्हतं. शिवाय, विनोद स्वतःला समजावत होता, माणसानं काहीतरी मागितलं ना, मागणं म्हणजे जगण्याचंच लक्षण की. असं म्हणत तो फडकं उचलून आत गेला.

मग रोज संध्याकाळी, कंपनीतून आल्यावर, गॅलरीतल्या पाटावर ते काम सुरू झालं. आईच्या वेळचा उपाय म्हणजे चिंचेचा कोळ आणि राख. राख कुठून आणायची गॅसच्या घरात, म्हणून त्यानं कंपनीतून गंज सोडवायचं तेल आणलं, त्यात वस्तरे रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी ताटलीत लालभडक चिखल उतरला. जो उघडत नव्हता तो उघडला. मग पॉलिश पेपर, आधी भरड, मग बारीक, पाण्यात भिजवून, एकाच दिशेनं. हात आपोआप चालत होते. लोखंडाशी त्याची जुनी ओळख, पण उलट्या बाजूनं. रांजणगावच्या कंपनीत तो क्वालिटीला होता, आणि कडा म्हणजे त्याच्या लेखी दोष. मशीनवरून उतरलेल्या भागाची कड हाताला लागली की लाल स्टिकर, माल परत. इतकी वर्षं तो दिवसभर लोखंडाची धार शोधत होता, ती मारायला. आणि आता घरी येऊन तीच धार गंजातून वर काढत होता. गंज गेला तिथं खाली बारीक बारीक खड्डे दिसायचे, देवीच्या व्रणांसारखे, आणि खड्ड्यांच्या मधून पोलाद डोळा उघडायचं. तो मुद्दाम हळू करायचा. एकाच जागी घासत बसायचा, पुसायचा, पुन्हा घासायचा. झालं का, असं आबा कधी विचारत नव्हते, नुसते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघायचे, आणि त्यांचं ते बघणं विनोदला आपल्या मानेवर जाणवायचं. घाई नसलेल्या माणसाची जास्त भीती वाटते, हे त्याला त्या गॅलरीत कळलं.

पण गंमत अशी की त्या वस्तऱ्यांपुढे आबा बोलायला लागले. महिनेच्या महिने मुका असलेला माणूस. हे माज्या आजाचं, ते म्हणाले, आन् त्येच्या आधी कुनाचं ते म्हाईत न्हाई. राहू गावाच्या पुढं नदीकाठी त्यांचं मूळ गाव. गावातल्या न्हाव्याचा वस्तरा गावाबाहेरच्या वस्तीत येत नव्हता, वस्तीतला माणूस त्याच्या पुढ्यात बसू शकत नव्हता, म्हणून वस्तीनं आपला वस्तरा केला. आजा करायचा, मग बाप, मग खंडू, म्हणजे आबा स्वतः, मिसरूड फुटायच्या आधीपासून. सगळ्या वस्तीची डोकी आणि दाढ्या त्यांनी ह्याच दोन पात्यांवर केल्या. लहानपणी एकदा बापाच्या मागं लागून ते गावातल्या न्हाव्याच्या ओट्यापर्यंत गेले होते, आणि तिथून कसे परत आले ते त्यांनी विनोदला कधी सांगितलं नाही, आताही नाही सांगितलं, एवढंच म्हणाले, "तवापासनं परक्याच्या हाताखाली गळा दिला न्हाई. रेल्वेत लागलो, दौंडात गल्लोगल्ली सलून झाली, कुनी जात इचारीत न्हाई, सगळं खरं. पन न्हाई दिला." गळा हा शब्द त्यांनी सहज उच्चारला. विनोदचा हात मात्र पाण्यात थांबला, आणि तो उगीचच पेपर बदलायला आत गेला.

आत उभ्या उभ्या त्याला दौंडचं क्वार्टर आठवलं. आठवलं म्हणजे अंगावर आलं. रेल्वे कॉलनीतला तो ओटा, खिळ्याला टांगलेला आरसा, आणि फेसानं पांढरं झालेलं आबांचं तोंड. बाप असा पांढरा झाला की ओळखू यायचा नाही, नुसते दोन डोळे. वस्तरा कानाजवळून निघायचा, गालावरून खरखरत उतरायचा, आणि मग आबा मान मागं टाकायचे. तेवढ्यात मनमाडकडून मालगाडी यायची. ती दिसायच्या आधी ओट्याच्या फरशीतून पायात यायची, आरसा खिळ्यावर थरथरायला लागायचा, आरशातला बाप तुकडे झाल्यासारखा हलायचा, आणि आबा तसेच थांबायचे, मान वर, पातं गळ्याला टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. गाडी संपता संपायची नाही. विनोद उंबऱ्यावर बसून श्वास धरून असायचा. आपण हललो तर बापाचा गळा कापला जाईल अशी त्याची पक्की समजूत होती. आई आतून हाक मारायची, विनू, दप्तर भरलंस का, आणि तो ओ द्यायचा नाही. शेवटचा डबा गेला की आबा पुढं सुरू करायचे, जसं काही झालंच नाही. आपल्याला हे कुणालाच सांगता आलं नव्हतं, विनोदला वाटलं. चाळीशीला आलेला माणूस, बायको, लेक, हप्त्यावरचा फ्लॅट, आणि अजून आपण त्या उंबऱ्यावर श्वास धरून बसलोय.

एका संध्याकाळी धार आली ती काही सांगावा न धाडताच. त्यानं सहज म्हणून पातं मनगटावर टेकवलं आणि सरकवलं, तर मागं गुळगुळीत कातडीचा एक पट्टा राहिला आणि केस पात्यावर. काही लागलं नाही, काही जाणवलंसुद्धा नाही, आणि तेच भयंकर होतं. खुर्चीकडे पाहिलं तर खुर्ची रिकामी. बाथरूमचं दार आतून लावलेलं, पाण्याचा आवाज नाही. दुसरा वस्तरा? दुसरा पाटावर होता की नव्हता? "आबा," त्यानं हाक मारली, मग दारावर थापा मारल्या, मग दोन्ही मुठींनी दार बडवायला लागला, सीमा धावत आली, रश्मी अभ्यासावरून उठून आली. दार उघडलं. आबा टॉवेलनं तोंड पुसत उभे होते. "काय झालं?" ते म्हणाले. "गाडी सुटाय लागली का कुनाची?" दुसरा वस्तरा पाटाखाली सापडला. त्या रात्री विनोदनं दोन्ही उशीखाली घेतले आणि सकाळी डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेले, तर गेटवरच्या बिहारी गार्डनं पिशवी चाचपली आणि वस्तरा उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो कुणाचा खून करायला निघालाय. "सर, ये अंदर नहीं जाएगा." वस्तरे दिवसभर गेटच्या ड्रॉवरमध्ये पडले, आणि विनोदला त्या दिवशी प्रथमच नीट श्वास घेता आला. घरात नाहीत ना. पण संध्याकाळी गार्डनं आठवणीनं हाक मारून परत दिले.

मग त्यानं ते केलं. घरी जाण्याआधी, शिरूरच्या स्टँडमागं टपरीच्या बाकावर बसून, खिशातल्या, कडा मारायच्या बारीक दगडानं त्यानं दोन्ही पात्यांच्या कडेवरून उभा हात फिरवला, हलक्या हातानं, कंपनीत नव्या पोरांना दाखवतो तसा. कड गोल झाली. बोट फिरवलं, लागली नाही. पाती आरशासारखी, खड्डे सोडले तर एक ठिपका गंज नाही, आणि आत जीव नाही. चहा पिताना त्याला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं. बापाला फसवायचं ते त्याच्याच बापजाद्यांच्या हत्यारावर. पण मनावरचं ओझं उतरलं होतं. आता मागू देत, घेऊन बसू देत, हवं तर उशाशी ठेवू देत. त्यानं सीमाला फोन करून सांगितलं, झाले वस्तरे, आणि काळजी करू नको.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं ते आबांच्या हातात दिले. आबांनी एक उघडला, उन्हात धरला. "लई झाक केलास," ते म्हणाले, आणि विनोद सुखावला. मग त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं, जरासं सरकवलं, आणि थांबले.

"धार मारलीस."

"जुना हाय, आबा. गंजानं खाल्ली आसंल."

"गंज धारंला दात पाडतो. ही कुनीतरी घासून गोल केल्याली हाय." त्यांनी दुसराही तपासला, दोन्ही मिटून मांडीवर ठेवले, आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, लेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "माजं भ्या वाटलं व्हय तुला?"

आत कुकरची शिटी झाली, सीमा दाराशी येऊन उभी राहिली आणि तशीच मागं गेली.

"आरं येड्या," आबा म्हणाले, "मरायचंच आसतं तर दौंडात रूळ काय कमी व्हते? जल्म काढला मी त्यांच्यावर."

विनोद हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं सोपं होतं ते, इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही. जन्मभर रुळांवर काम केलेल्या गँगमनला मरायला वस्तरा कशाला लागतोय? "मग कशाला पायजेत?" त्यानं नाक ओढत विचारलं. दाढी कराया, आबा म्हणाले, तू करायची. "मी?" "तुजी आई करायची," आबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. हात थरथरायला लागल्यापासून ताईबाईच, म्हणजे आईच, त्यांची दाढी करत होती, मागच्या अंगणात, दार लावून घेऊन, कारण लोक काय म्हणतील. कोंबडी कापताना तोंड फिरवणारी आई. विनोद दर महिन्याला दौंडला जायचा, आबांचे गाल तुळतुळीत दिसायचे, आणि कोण करतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती आजारी पडली, दवाखाना सुरू झाला, वस्तरे मोरीच्या कोनाड्यात अख्खा पावसाळा भिजत पडले. "तिला बी भ्या वाटायचं," आबा म्हणाले. "मंग ती बोलत ऱ्हायची. बोललं म्हंजी हात हालत न्हाई म्हनायची."

आबांनी ट्रंकेतून आजाचा दगड काढला, चामड्याचा पट्टा काढला, आणि विनोदनं आपणच मारलेली धार आपल्या हातानं परत लावली. "पाठ टेकीव. पाठ उचलू नगो," एवढंच आबा अधूनमधून म्हणत होते. दुपार व्हायच्या आत पातं पुन्हा मनगटावरचे केस नेऊ लागलं. गॅलरीत खुर्ची, गळ्याभोवती टॉवेल, ब्रशनं फेस. आबांचं तोंड पांढरं झालं तसा विनोद क्षणभर बिचकला. पण हात चालला. कानाजवळून निघाला, डाव्या हातानं कातडी ताणून धरत गालावरून उतरला, केसांचा आवाज येत होता, फडक्यावर पातं पुसलं जात होतं. गाल झाला, अर्धी हनुवटी झाली. मग आबांनी डोळे मिटून मान मागं टाकली आणि गळा वर आला, सुरकुतलेला, मऊ, आणि बोटांखाली नाडी उडताना लागली. ह्या माणसानं जन्मभर परक्या कुणाला दिला नाही तो हा गळा. हात जरा जड झाला तर? आपण दमलोय, विनोदला वाटलं, किती दमलोय आपण ह्या माणसावर लक्ष ठेवून ठेवून, आणि ह्या विचारासरशी त्यानं पातं उचललं.

"बोल कायतरी," आबा डोळे न उघडता म्हणाले.

बोलायचं काय? पावसाचं, कंपनीचं, रश्मीच्या क्लासचं, काही सुचेना. सुचलं ते बाहेर पडलं. "आबा, मगाशी रुळाचं बोललात. ते आपलं उगंच ना?"

विनोदनं गळ्याची डावी बाजू हळूहळू उतरवली, पातं पुसलं. तेव्हा आबा म्हणाले, "गेलो व्हतो."

"कवा?"

"तू मला न्यायला आलास, त्येच्या आदल्या दिशी. पाटसच्या अंगाला, लायनीच्या कडंला हुबा व्हतो. गाडी बी दिसत व्हती." त्यांचा आवाज हवापाण्याचं सांगावं तसा होता. "मंग दाढीवर हात फिरला. नोकरीत रुळावर कापल्याल्या लई जनांपाशी बसलोय रं मी, पोलीस यीस्तवर. दाढी वाढल्याली आसली का हवालदार नीट बघायचा बी न्हाई. लिवा, अनोळखी, बेवारस. मला तसलं नगो व्हतं. म्हनलं, दाढी करून यावं. घरी आलो, तर वस्तरं गंजल्यालं."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. विनोदच्या हातात पातं उन्हात चमकत होतं, स्वच्छ, निर्मळ, एक ठिपका गंज नसलेलं. तो गंज त्यानं काढला होता. रोज संध्याकाळी बसून, पाण्यानं धुऊन, एकेक थर. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"आन् आता?" त्यानं विचारलं. "आबा, आता काय हाय मनात?"

आबांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि फेसानं भरलेला दुसरा गाल त्याच्याकडे केला. "पुरी कर," ते म्हणाले.

विनोदनं वस्तरा मिटला, आपल्या खिशात घातला, आणि टॉवेलच्या टोकानं आबांच्या त्या गालावरचा फेस पुसून काढला. खालून पांढरी दाढी ओली होऊन वर आली. एक बाजू तुळतुळीत, एक बाजू जंगल.

"आज एवढीच," तो म्हणाला.

"आन् ही?"

"ती उद्या."

"आरं, आसा आर्ध्या तोंडाचा भायेर कसा जाऊ मी?"

"नगा जाऊ."

आबांनी थरथरता हात वर नेला, झालेल्या गालावरून फिरवला, मग न झालेल्या.

"उद्यापोत ही झाल्याली बाजू वाढंल की."

"वाढू द्या," विनोद म्हणाला. "ती परवा करू."